पाण्यातील सोमल

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या तीन महानद्या जेथे समुद्राला मिळतात, तो प्रदेश पाण्याने इतका समृद्ध आहे की, आपल्या माणदेशातील एखादा मुलगा तेथे गेला तर त्याला प्रथम त्या लोकांचा हेवाच वाटेल. वाटेच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे, प्रत्येक घरामागे लहानसे तळे, तळ्याच्या काठी केळी आणि नारळी, आणि थोडे पुढे चालून गेले की नदीचा एखादा फाटा, असे तेथील दृश्य असते. या त्रिभुज प्रदेशाचा पश्चिमेकडील भाग आपल्या पश्चिम बंगाल राज्यात मोडतो आणि पूर्वेकडील मोठा भाग म्हणजे बांगलादेश. पाण्यासाठी कोसभर पायपीट करण्याची पाळी तेथे सहसा कोणावर येत नाही. असे असूनही पिण्याच्या पाण्यानेच तेथील कोट्यवधी माणसांना संकटात टाकले, आणि तेही अशा पाण्याने की, जे दिसावयास स्फटिकासारखे स्वच्छ आहे, ज्याला वास नाही, ज्याची चव गोड आहे. हे कसे घडले, ते समजून घेण्यासारखे आहे.

पूर्वी या प्रदेशातील खेडुत तळ्याचे आणि नदीचे पाणी पीत असत. त्याच तळ्यात भांडी घासली जात, कपडे धुतले जात, गुरेही डुंबत. पावसाळ्यात पूर आला म्हणजे गावातील सारी घाण तळ्यात उतरे. परिणाम व्हावयाचा तोच होई. पटकी, हगवण आणि अतिसार यांच्या साथी वरचेवर येत आणि लहान मुले मोठ्या संख्येने दगावत. या रोगांचे जंतू उघड्या पाण्यात वाढतात. पण जमिनीच्या पोटातील पाणी वाळूच्या थरांतून गाळून गेलेले असते, त्यामुळे त्यात हे जंतू क्वचितच आढळतात. तेव्हा तळे सोडून जमिनीखालचे पाणी प्यावे, हा विचार सर्वथैव योग्य होता. १९७१ साली बांगलादेश स्वतंत्र झाला. त्यानंतर त्या देशाच्या सरकारने युनिसेफ या संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थेच्या साहाय्याने खेडोपाडी हापसे बसविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. पश्चिम बंगालमध्येही असेच प्रयत्न झाले.

तेथील जमीन गाळाची असल्याने हापसा बसविणे फार सोपे असते. आपल्याकडे काळा पाषाण फोडावयास यंत्र लागते. तिकडे बांबूचा एक मांडव, एक लांब तरफ आणि लोखंडी नळ एवढे साहित्य पुरते. दोघेतिघे जण तरफेने नळ खालीवर करतात आणि वर बसलेला मिस्त्री नळाच्या तोंडावर आपला तळहात ठेवून ते क्रमाने मिटतो आणि उघडतो. त्याचा तळहात हीच पंपाची झडप! चिखलमिश्रित पाणी नळातून उसळत राहते आणि नळ खाली खाली सरकत जातो. एक-दोन दिवसांत हापसा तयार होतो. खर्च बेताचा असल्यामुळे पुढे पुढे लोक सरकारची वाट न पाहता स्वतःच्या पैशाने अंगणात हापसे बसवू लागले. बंगाली माणूस त्याला नलकूप म्हणतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस एकट्या बांगलादेशात असे सुमारे एक कोटी नलकूप झाले होते. ज्या घरी अंगणात हापसा, त्या घरी मुलगी द्यावयास लोक खुशीने तयार होत, यात नवल ते काय?

बालमृत्यू कमी झाले. याचे सारे श्रेय एकट्या हापशाला देता येत नाही. मीठ-साखरेचे पाणी, रोगप्रतिबंधक लसी आणि वाढते शिक्षण यांचाही त्यात वाटा आहे. तरीपण हापशाने घराघरातील बायकांचे कष्ट वाचविले आणि तळ्याच्या पाण्यापासून माणसांना दूर नेले, ही गोष्ट कोणीही नाकारणार नाही.

१९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे खेड्यांतून काही रोगी आले. त्यांच्या छातीवर आणि पाठीवर काळसर ठिपके उमटले होते. जणू धुळीवर पावसाचे थेंब पडावेत तसे. तळहात आणि तळपाय खरखरीत होऊन त्यांवर चामखिळीसारख्या गाठी आल्या होत्या. हे नेहमीचे त्वचारोग नव्हेत, हे डॉक्टरांनी ओळखले. ही लक्षणे दीर्घकाळ शरीरात गेलेल्या आर्सेनिकची आहेत, अशी त्यांची खात्री झाली. पण शेतावर राबणाऱ्या या माणसांना विष घालणार कोण? शोध घेता घेता बोट येऊन थांबले ते त्यांच्या अंगणातील हापशावर. त्या पाण्यात आर्सेनिक होते.

आर्सेनिक हे नाव तुम्हांस परके वाटेल. पण आपल्या पूर्वजांना हा पदार्थ वेगवेगळ्या रूपांत चांगला परिचित होता. आर्सेनिक हे एक मूलद्रव्य आहे. गंधकाशी त्याचा संयोग झाला म्हणजे पिवळी हरताळ आणि तांबडी मनशीळ ही खनिजे बनतात. जुन्या पोथ्या लिहिताना चूक झाली तर लेखनिक त्या अक्षरांवर हरताळ लावून ती झाकून टाकीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. आर्सेनिकचा प्राणवायूशी संयोग झाला म्हणजे जी पांढरी भुकटी मिळते, तिला आपण सोमल म्हणतो. या सोमलाचा इतिहास मोठा काळा आहे. त्याला रंग, वास, चव काहीच नसल्यामुळे राज्यलोभी आणि धनलोभी माणसांनी शतकानुशतके त्याचा उपयोग विषप्रयोगासाठी केला. मृताच्या पोटातील सोमल निश्चितपणे ओळखण्याची रीत जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८३६ साली प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे अशा गुन्हेगारांना जरब बसली. बंगालच्या हापशांत आढळला तो याच कुळातील पदार्थ, फक्त अत्यल्प प्रमाणात पाण्यात विरघळलेला.

अत्यल्प म्हणजे किती? एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यांतील एका भागास मायक्रोग्रॅम म्हणतात. एक लिटर पाण्यात १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक आर्सेनिक असू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली ठरविले. भारतीय मानकातही हीच मर्यादा दिलेली आहे; बांगलादेशात मात्र ती ५० मायक्रोग्रॅम आहे. हे आकडे मनात ठसण्यासाठी अशी कल्पना करा की, दहा दहा हजार लिटर पाण्याचे दहा टँकर रस्त्यावर ओळीने उभे आहेत. त्या साऱ्या पाण्यात मिळून एक ग्रॅम आर्सेनिक असेल, तर ते पाणी १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेवर येऊन टेकले. तेवढेच आर्सेनिक दोन टँकरांत असेल तर बांगलादेशाची मर्यादा गाठली गेली. आणि बंगालमध्ये असेही हापसे आहेत की, ज्यांच्या पाण्यात ५०० मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही अधिक आर्सेनिक सापडते. ही चिमूट डोळ्यांस दिसत नाही, जिभेस कळत नाही. पाणी उकळले तर जंतू मरतात. पण आर्सेनिक हा काही जीव नव्हे. उकळताना पाण्याची वाफ होऊन जाते आणि आर्सेनिक मागे राहते, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट किंचित वाढते. तुरटी फिरवून गाळ खाली बसविणे, फडक्याने गाळणे हे आपले घरगुती उपाय येथे भरवशाचे ठरत नाहीत.

आता मुख्य प्रश्न असा की, हे विष जमिनीखाली आले कोठून? पुष्कळांना प्रथम वाटते की, एखाद्या कारखान्याने सांडपाणी सोडले असेल किंवा शेतात औषधे फवारली असतील. बंगालमध्ये तसे घडलेले नाही. हे विष तेथे माणसाने आणलेलेच नाही. ते हिमालयाने दिले आहे. हिमालयाच्या खडकांत आर्सेनिक अल्प प्रमाणात असते. हजारो वर्षे ऊन, पाऊस आणि बर्फ यांच्या माऱ्याने ते खडक झिजत आले आणि नद्यांनी तो चुरा गाळाच्या रूपाने खाली वाहून आणला. गाळाच्या कणांवर लोहाच्या गंजाचा पातळ लेप असतो आणि आर्सेनिक या गंजाला घट्ट चिकटून बसते. जोपर्यंत ते असे चिकटलेले आहे, तोपर्यंत पाणी शुद्धच राहते.

परंतु नद्यांनी गाळ टाकताना त्याबरोबर झाडपाला, मुळे, शेवाळ असे सेंद्रिय पदार्थही गाडले गेले. या पदार्थांवर सूक्ष्मजंतू जगतात. त्यांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो. खोल गाळात हवा पोहोचत नाही. तेथील प्राणवायू लवकरच संपतो. मग हे जंतू काय करतात? ते लोहाच्या गंजाचा आश्रय घेऊन आपले श्वसन चालू ठेवतात. या क्रियेत गंज विरघळतो, आणि ज्याच्या अंगाला आर्सेनिक चिकटले होते तो आधारच नाहीसा झाल्यामुळे आर्सेनिक पाण्यात उतरते. ही क्रिया कोट्यवधी सूक्ष्मजंतू माणूस तेथे वस्तीला येण्यापूर्वीपासून करीत आलेले आहेत. ज्या थरात ती विशेष चालते तो थर साधारणपणे जमिनीच्या पृष्ठभागापासून शंभर-दीडशे मीटरांपर्यंतचा आहे. आणि दुर्दैव असे की, कमी खर्चात बसणारे बहुतेक हापसे नेमके याच थरातून पाणी ओढतात. उथळ, उघड्या आडांच्या पाण्याला हवा लागत असल्यामुळे त्यात आर्सेनिक बहुधा कमी असते. पण जंतूंचे भय असते. म्हणजे वर जंतू आणि खाली सोमल, अशा कात्रीत तो खेडुत सापडला.

हापसे बसविणाऱ्यांनी पाणी तपासले नव्हते काय, असे तुम्ही विचाराल. त्या काळी पाणी तपासण्याच्या नेहमीच्या रीतीत आर्सेनिकचा समावेशच नव्हता. गाळाच्या प्रदेशात ते असेल अशी शंका कोणाला आली नाही, म्हणून कोणी पाहिले नाही. आणि पाहिले नाही, म्हणून ते सापडले नाही. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट हीच आहे. ज्यांनी हापसे बसविले ते दुष्ट नव्हते की आळशी नव्हते. त्यांच्यापुढे मरणारी मुले होती आणि त्यांना वाचविण्याचा उपाय त्यांच्या हाती होता. तथापि १९८३ नंतर जे कळले, ते कळल्यावरही पुढील अनेक वर्षे हापसे तसेच बसत राहिले, याबद्दल मात्र त्यांना तितक्या सहजपणे क्षमा करता येत नाही. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ दीपंकर चक्रवर्ती यांनी १९८८ पासून गावोगाव हिंडून पाण्याचे नमुने गोळा केले, ते तपासले आणि या संकटाचा पुकारा सातत्याने केला. १९९३ साली बांगलादेशातील चापाई नवाबगंज येथील हापशांत आर्सेनिक असल्याचे निश्चित झाले. १९९५ साली कोलकात्यास या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले. बांगलादेशात केलेल्या पाहणीचा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार ५० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक असलेले पाणी पिणाऱ्यांची संख्या सुमारे ३ कोटी ५० लाख, आणि १० मायक्रोग्रॅमची मर्यादा धरली तर सुमारे ५ कोटी ७० लाख होती. एखाद्या लोकसमूहास विषबाधा होण्याचा इतका मोठा प्रसंग इतिहासात दुसरा घडलेला नाही, असे तज्ज्ञांनी म्हटले आहे.

हे विष एकदम मारीत नाही, हेच त्याचे कपट. पेलाभर पाणी प्याल्याने माणसाला काहीही जाणवत नाही. पाच, दहा, कधी त्याहूनही अधिक वर्षे तेच पाणी पोटात गेले म्हणजे प्रथम अंगावर ठिपके दिसू लागतात. मग तळहात आणि तळपाय जाड होतात, त्यांना भेगा पडतात, नांगर धरणे आणि अनवाणी चालणे दुःसह होते. शेवटी त्वचा, मूत्राशय, फुप्फुसे यांचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. ज्यांना सकस अन्न मिळत नाही त्यांना ही बाधा अधिक लवकर होते. म्हणजे येथेही गरिबालाच दुप्पट शिक्षा! मुलांच्या बाबतीत तर याहून निराळी हानी दिसून आली. ढाक्याजवळील आडाइहाजार या भागातील दहा वर्षांच्या मुलांची संशोधकांनी बुद्धिमापन परीक्षा घेतली आणि तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध केले. ज्या मुलांच्या घरच्या हापशात आर्सेनिक अधिक, त्यांचे गुण सरासरीने कमी पडले. ती मुले उपजत मंद नव्हती.

या दुखण्याला स्पर्शाने पसरण्याचा गुण मुळीच नाही. पण ठिपके आणि गाठी पाहून खेड्यातील लोकांस महारोगाची शंका येई. मग रोग्याला कोणी जवळ बसू देत नसे. मुलींची लग्ने अडत. सासरी गेलेल्या मुलींना माहेरी परत धाडण्यात येई. मुलांना शाळेत वेगळे बसावे लागे. अंगावरच्या ठिपक्यांपेक्षा हे दुःख अधिक जिव्हारी लागणारे होते. आणि त्यात पुन्हा विपर्यास असा की, ज्याला लोक दूर लोटीत होते त्याच्याच हापशाचे पाणी त्यांच्याही घरी भरले जात होते!

उपायाचा आरंभ तपासणीने झाला. २००० ते २००३ या काळात बांगलादेशात सुमारे ५० लाख हापसे तपासण्यात आले. तपासणीची पेटी खांद्याला अडकवून कार्यकर्ते दारोदार गेले. बाटलीत पाण्याचा नमुना घ्यावयाचा, त्यात आम्ल आणि जस्ताची पूड घालावयाची, आणि बाटलीच्या तोंडाशी रसायन लावलेली कागदाची पट्टी बसवावयाची. पाण्यात आर्सेनिक असेल तर त्याचा वायू होऊन वर येतो आणि पांढरी पट्टी पिवळी, मग तपकिरी होते. रंग जितका गडद तितके विष अधिक. (हा वायू स्वतः फार विषारी असतो, म्हणून हे काम शिकलेल्या माणसानेच करावयाचे असते.) मार्शने शोधलेल्या रीतीचेच हे धाकटे भावंड होय. पट्टीचा रंग पाहून ज्याचे पाणी मर्यादेत असेल तो हापसा हिरव्या रंगाने आणि ज्याचे नसेल तो तांबड्या रंगाने रंगविण्यात आला. तांबडे निघालेले हापसे सुमारे १४ लाख भरले.

अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही कळेल अशी ही खूण होती. तांबड्या हापशाचे पाणी धुण्याभांड्यांस चालते, कारण आर्सेनिक त्वचेवाटे फारसे आत जात नाही. प्यावयास आणि स्वयंपाकास मात्र हिरव्या हापशाचेच पाणी आणावयाचे. गाळाचे थर जमिनीखाली इतके वेडेवाकडे पसरलेले असतात की, एका अंगणातील हापसा तांबडा आणि वीस-पंचवीस पावलांवरील शेजाऱ्याचा हिरवा, असे पुष्कळ ठिकाणी आढळले. म्हणजे औषध शेजारीच होते; पण शेजाऱ्याकडे जावयास मन तयार हवे! ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे त्याच्या अंगणात रोज दोन वेळा घागर घेऊन कसे जावे? ज्याचा हापसा हिरवा, त्याने तरी दिवसभर अंगणातली वर्दळ का सोसावी? घरातील सुनेला परक्या दारी पाठविणे कित्येकांस रुचत नसे. असे असूनही आडाइहाजार भागात तांबडा हापसा असलेल्या घरांपैकी निम्म्याहून अधिक घरांनी पाणी भरण्याची जागा बदलली. कोणतेही यंत्र, कोणतेही औषध न वापरता, केवळ एका रंगाच्या खुणेने आणि शेजारधर्माने एवढे काम झाले, ही लहान गोष्ट नव्हे. पाणी बदलले म्हणजे शरीरातील आर्सेनिक लघवीवाटे हळूहळू बाहेर पडू लागते आणि आरंभीची लक्षणे असतील तर ती पुष्कळदा ओसरतात. उशीर झालेला असेल तर मात्र इलाज चालत नाही.

ज्यांच्या जवळपास हिरवा हापसा नव्हता त्यांच्यासाठी गाळणी तयार झाल्या. त्यांतील एकीची हकीगत सांगण्याजोगी आहे. अबुल हुस्साम हे बांगलादेशातील कुष्टिया गावचे. अमेरिकेत रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी आपल्या भावांच्या साहाय्याने ‘सोनो’ नावाची गाळणी बनविली. तिच्यात दोन बादल्या एकीवर एक ठेवलेल्या असतात. वरच्या बादलीत जाड वाळू आणि लोखंडाचा खास तयार केलेला सच्छिद्र थर; खालच्या बादलीत वाळू, लाकडी कोळसा आणि विटांचे तुकडे. वरून ओतलेले पाणी झिरपत झिरपत खाली येते आणि त्यातील आर्सेनिक लोखंडाच्या गंजाला चिकटून वरच राहते. निसर्गाने गाळाच्या कणांवर जी युक्ती योजिली होती तीच या प्राध्यापकांनी बादलीत योजिली. या गाळणीबद्दल त्यांना २००७ साली अमेरिकेत १० लाख डॉलरांचे पारितोषिक मिळाले, आणि त्यातील बहुतेक रक्कम त्यांनी गरजू लोकांना गाळण्या वाटण्यासाठी दिली. अशाच तत्त्वावर चालणारी मोठी संयंत्रेही पश्चिम बंगालमध्ये गावोगाव उभारण्यात आली. त्यांतील काही उत्तम चालली, पण अनेक बंद पडली. कारण गाळणी बसविण्याचा समारंभ होतो, ती दर आठवड्यास धुण्याचा होत नाही.

दीडशे मीटरांच्याही खाली जे जुने थर आहेत, त्यांतील पाणी बहुतांशी निर्धोक असते. म्हणून खोल नलकूप खोदून ते अनेक घरांनी मिळून वापरणे, हा उपाय फार चांगला ठरला आहे. तोच खोल साठा शेतीसाठी उपसला जाऊ लागला तर वरचे दूषित पाणी खाली ओढले जाण्याचा संभव आहे, एवढी जाणीव मात्र ठेवावी लागते. नदीचे पाणी शुद्ध करून नळाने पुरविण्याच्या योजनाही पश्चिम बंगालमध्ये झाल्या आहेत. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात अंतोफागास्ता नावाचे शहर आहे. १९५८ पासून तेथील नळाच्या पाण्यात लिटरला ८०० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक येत होते. १९७० साली शुद्धीकरण केंद्र उभारताच ते प्रमाण झपाट्याने उतरले. एका शहराच्या एका नळयोजनेला हे साधते. लाखो अंगणांतील लाखो हापशांना एकच केंद्र कसे पुरणार?

मिस्त्री लोकांनीही आपल्या परीने एक शोध लावला. नळ खाली जात असताना वर येणाऱ्या वाळूचा रंग ते न्याहाळतात. वाळू काळसर करडी असेल तर त्या थराच्या पाण्यात आर्सेनिक असण्याचा धोका अधिक; ती पिवळसर तांबूस असेल तर धोका कमी. असे का, ते तुमच्या ध्यानात आलेच असेल. तांबूस रंग हा गंजाचा. गंज शिल्लक आहे, म्हणजे आर्सेनिक अद्याप त्याला चिकटून आहे. बांगलादेशातील मतलब भागात संशोधकांनी ही गोष्ट तपासून पाहिली आणि ती पुष्कळ अंशी खरी ठरली. तथापि रंग पाहून काम भागत नाही. हापसा तयार झाल्यावर पाणी तपासावेच लागते. आणि नेमके तेथेच घोडे अडले आहे. २००३ नंतर लाखो नवे हापसे बसले, त्यांतील पुष्कळांची तपासणी झालेली नाही. जुन्या हापशांवरील रंगही उन्हापावसात पुसट झाला आहे.

पाण्याखेरीज भाताचाही विचार करावा लागतो. उन्हाळी भाताला याच उथळ थरांतील पाणी देतात, त्यामुळे आर्सेनिक शेतात साचते आणि काही अंशी तांदळातही उतरते. तांदूळ भरपूर निर्धोक पाण्यात शिजवून वरची पेज ओतून टाकली तर ते बरेच कमी होते. आपल्याकडे पेज काढून टाकणे म्हणजे सत्त्व वाया घालविणे, असे गृहिणी म्हणतात आणि ते बरोबरही आहे. पण तिकडे प्रसंगच तसा आहे.

हे संकट बंगालपुरते राहिलेले नाही. २००२ साली बिहारच्या भोजपूर जिल्ह्यातील सेमरिया ओझापट्टी या गावी हापशांत आर्सेनिक आढळले, आणि नंतर गंगेच्या काठाने उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यापर्यंत त्याचा माग लागला. आसामातही ते आहे. छत्तीसगडमध्ये, आपल्या गडचिरोली जिल्ह्याच्या शेजारी असलेल्या अंबागड चौकी भागात, गाळातून नव्हे तर कठीण खडकातून ते पाण्यात आलेले आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा असल्याने आपल्याला या विषाची झळ लागत नाही. यवतमाळ, चंद्रपूर अशा पूर्वेकडील जिल्ह्यांत मात्र फ्लोराइड नावाचा दुसरा पदार्थ विंधन विहिरींच्या पाण्यात येतो आणि त्याने मुलांचे दात डागाळतात व मोठ्यांची हाडे वाकतात. तोही दिसत नाही, तोही उकळल्याने जात नाही. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाण्याची बाटली पाठविता येते. फक्त बाटलीबरोबरच्या चिठ्ठीत कोणकोणत्या पदार्थांची तपासणी हवी, ते एकेकाचे नाव घालून लिहावे. नुसते ‘पाणी तपासावे’ एवढेच लिहिले, तर आर्सेनिकची किंवा फ्लोराइडची तपासणी त्यात होईलच, असे नाही.